सुर्जी-अंजनगाव : तह आणि नागवेल

काही गावांची नावे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक होतात आणि आयुष्यभर तेवढ्याच ओळखीवर राहतात. वसई, साल्हेर, पानिपत यांचे नशीब जरा बरे. तिथे पाहण्यासारखे काही उरले आहे, किंवा निदान कादंबऱ्या तरी आहेत. अमरावती जिल्ह्यातले सुर्जी-अंजनगाव मात्र परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या तहांच्या यादीतच राहिले. वसईचा तह १८०२, देवगावचा तह १८०३, सुर्जी-अंजनगावचा तह १८०३. यादी संपली की गावही संपते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अकोल्याहून दर्यापूरमार्गे अंजनगावास गेलो. हा रस्ता मुद्दाम निवडण्याजोगा आहे. दर्यापूरच्या आसपासचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, खोल, पण विहिरीचे पाणी खारट. ते पिकाला द्यावे तर जमीनच बिघडायची. म्हणून इथला शेतकरी कपाशी, तूर आणि पावसाने मुरवलेल्या ओलीवरचा हरभरा यांच्या पलीकडे फारसा जात नाही. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ ठळक होऊ लागते तसे पाणी गोडे होते आणि रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या आणि केळीच्या बागा दिसू लागतात. दोन-तीन पुलांच्या अंतरात शेतीचा सारा स्वभाव पालटतो. शहानूर नदीवरचे हे जोडगाव त्या गोड्या पाण्याच्या बाजूला वसले आहे. पुढे जे काही पाहिले त्याचे मूळ या पाण्यात आहे.

आधी तहाविषयी. १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात वऱ्हाडच्या या कोपऱ्यात जे घडले त्याचा वेग आजही चकित करतो. सप्टेंबरात असईची लढाई झालीच होती. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीने भोसले-शिंद्यांच्या फौजांना हरवले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नागपूरकर रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहावर मान्यता दिली आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील आपला वऱ्हाडचा मुलूख सोडला. तो पुढे निजामाच्या पदरात पडला. त्यानंतर तेराव्या दिवशी, ३० डिसेंबरला, दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी सुर्जी-अंजनगावच्या तहावर सह्या केल्या. गंगा-यमुनेचा दुआब गेला. भडोच गेले, अहमदनगरचा किल्ला गेला. दिल्लीच्या बादशहावरचा, शाह आलमवरचा, सारा हक्क सोडावा लागला. महादजींनी उभ्या आयुष्यात जे उत्तरेत उभे केले होते, ते त्यांच्यामागे दहा वर्षांच्या आत वऱ्हाडातल्या एका छावणीत कागदावरून पुसले गेले. वेलस्लीचे वय तेव्हा ३४ वर्षे. वॉटर्लू अजून १२ वर्षे दूर होते.

छावणीत, हा शब्द महत्त्वाचा. तहाच्या मसुद्यातच तो छावणीत झाल्याचा उल्लेख आहे. छावणी म्हणजे तंबू, राहुट्या, घोड्यांचे खुंटे. काम झाले की सारे उपटून पुढच्या मुक्कामाला. तिचा पाया नसतो, म्हणून अवशेषही नसतात. ज्या गावाच्या नावाने दिल्लीची मालकी बदलली, त्या गावात त्या घटनेचा दगड शोधणे म्हणजे वाऱ्याचा माग काढणे होय. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या वृद्ध काकांना तहाची जागा कुठली असे विचारले. त्यांनी नदीकडे मोघम हात केला आणि म्हणाले, "साहेब लोकं आले, सही केली अन् गेले जी. त्यायचं इथं काय रायनार? तुमी मळा पाहाले चाला."

काका बारी समाजातले. त्यांचा पानमळा गावाबाहेर थोड्या अंतरावर आहे. बांधाशी पोहोचताच त्यांनी चपला काढल्या आणि आम्हालाही सांगितले, "पायातलं भायेर ठेवा. वेल हाय ते." यात उपदेशाचा सूर नव्हता, देवघरात जाताना घरचा माणूस सांगतो तसे ते सांगणे होते. नागवेलीला हे लोक नुसते पीक मानत नाहीत. नागपंचमी हा बाऱ्यांचा मोठा सण, त्या दिवशी वेलीला हात लावायचा नाही.

आत शिरलो आणि ऊन एकदम मागे राहिले. वऱ्हाडच्या उन्हाविषयी वेगळे सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे सहज जातो. अशा मुलखात सावली, ओल आणि निवारा यांवाचून न जगणारी वेल वाढवायची म्हणजे एक छोटेसे निराळे हवामानच निर्माण करावे लागते. पानमळा म्हणजे ते हवामान. शेवरी, पांगारा, हादगा यांची झाडे ओळीने, दाटीने लावलेली. तीच वेलीचा आधार आणि तीच तिची सावली. उन्हाळ्यात ती राखायची, पावसाळ्यात फांद्या छाटून उजेड आत घ्यायचा. वारा अडवायला भोवती पऱ्हाट्यांचे कूड. पाणी थोडे, पण पुन्हा पुन्हा. साचू मात्र द्यायचे नाही. काका म्हणाले, "हिले ऊन बी लागते अन् सावली बी लागते. एकलं कोनतंच चालत नाई."

पण सर्वात मोलाचे वाटले ते वेल उतरवण्याचे काम. वेल आधाराच्या शेंड्यापर्यंत पोहोचली की तिला हळूच सोडवून खाली घेतात, खालचा पाने खुडलेला भाग वेटोळे करून मातीत पुरतात आणि कोवळे टोक पुन्हा झाडाला बांधतात. पुरलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात. म्हणजे जुने आयुष्य जमिनीत जाऊन खत आणि मूळ होते, आणि त्याच वेलीचा शेंडा पुन्हा पहिल्या दिवसासारखा चढू लागतो. मळा वर्षानुवर्षे टिकतो तो असा. हे काम यंत्राने होत नाही. किती वेल पुरायची, गाठ किती सैल ठेवायची, हे बोटांना ठाऊक असते आणि ते दुसऱ्या बोटांना शेजारी बसूनच शिकवावे लागते.

मळ्याच्या एका बाजूला पानपिंपरी होती. नागवेलीचीच ही बहीण. अंजनगाव, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात ती पिकते. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून आयुर्वेदातले त्रिकटू होते, त्यातली ही पिंपळी. अंगणात तिची बोंडे वाळत घातली होती. हिरवी बोंडे उन्हात करडी-काळी होत चालली होती आणि हवेत तिखट, उबदार वास होता.

इथे आम्हाला नाशिकची आठवण झाली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि दोन दशकांत तिथल्या वायनरी हे पर्यटनाचे ठिकाण झाले. लोक द्राक्षाच्या वेली पाहायला गाड्या काढून जातात, घोटभर चव घेतात, त्या मातीविषयी माहिती ऐकतात. त्यात वावगे काही नाही. शेती पाहण्याजोगी असते हे शहराला त्यामुळे थोडे तरी कळले. पण पिढ्यान्पिढ्या राखलेली वऱ्हाडची वेल पाहायला कुणी येत नाही. आम्ही वारसा म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दगड येतो. शेजारचे अचलपूर ही इमादशाहीची राजधानी, तिथे दर्गा आहे, वेशी आहेत. गाविलगड आणि नरनाळा आहेत. ते पाहावेतच. सुर्जीतला देवनाथांचा मठही पाहावा. कटावांसाठी प्रसिद्ध असलेले देवनाथ (१७५४-१८२१) तहाच्या वर्षी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. परंतु दगड ओस पडला तरी शतकभर उभा राहतो. पानमळ्याला ती सवलत नाही. एक उन्हाळा दुर्लक्ष झाले की तो गेला.

आणि दुर्लक्षाची कारणे स्पष्ट आहेत. विड्याची जागा आधी गुटख्याच्या पुडीने घेतली. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली तरी गेलेली सवय पानाकडे परतली नाही. पानांच्या करंड्या एके काळी शकुंतलेने जात, असे काका सांगत होते. मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी, जिचे मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. आता त्या मार्गावर गाडी धावत नाही. विहिरीचे पाणी दरवर्षी खाली जाते. काकांचा मुलगा पुण्यात नोकरीस आहे आणि त्याचे चांगले चालले आहे. त्याने परत यावे असे काका म्हणाले नाहीत. इतकेच म्हणाले, "त्याले वेल उतरवता येते. लहानपनी शिकला हाय." त्या वाक्यातला अभिमान आणि त्यातली निराशा वेगळी करता येत नव्हती.

पानमळ्याला पर्यटनस्थळ करा, अशी सूचना करण्याचा आमचा हेतू नाही. बसगाड्या भरून माणसे आली तर ते कूड आणि ती शांतता दोन्ही टिकणार नाहीत. पण वारशाची यादी करणाऱ्यांनी, जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी या मळ्यांत चपला बाहेर काढून चार दिवस बसावे, वेल उतरवणाऱ्या हातांचे चित्रण करून ठेवावे, एवढे मागणे अवाजवी नाही. १८०३ च्या तहाची कलमे जगभरच्या दप्तरांत जपली गेली आहेत. ती हरवायची नाहीत. पांगाऱ्याची फांदी कुठल्या महिन्यात किती छाटावी, हे मात्र कुठल्याच दप्तरात नाही.

निघताना काकांनी ओल्या फडक्यात गुंडाळून पाने दिली. पाणी शिंपडत राहा, म्हणाले. अकोल्याला पोहोचेपर्यंत दोनदा थांबून आम्ही फडके ओले केले.