रा. रा. हँडब्रेकराव यांस

मुक्काम सीटच्या खाली, तीनचाकी रिक्षा, घाटघर ते जुन्नर.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, इतकी वर्षं एकाच गाडीत काढूनही आपलं दोघांचं नीट बोलणं असं कधी झालेलं नाही. पायब्रेकशी मी रोज बोलतो. लागला तर शाब्बास, नाही लागला तर शिवी. क्लचची वायर तुटली की भर रस्त्यात तिच्या नावानं बोटं मोडतो. तुम्हाला मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही गाडीतले मानाचे पाहुणे, पण पंगतीला कुणी हाक न मारलेले. तेव्हा म्हटलं, एकदा काय ते लिहून मोकळं व्हावं. राग मानू नये. मानलात तरी कुणी ओढल्याशिवाय तुम्ही जागचे हलत नाही, हे मला ठाऊक आहे.

इकडील क्षेम. लावण्या उरकल्या, खाचरं काठोकाठ भरली आहेत. जीवधन किल्ला चार दिवस ढगात आहे, दिसेल तेव्हा खरा. शनिवार-रविवार नाणेघाटात माणसांची जत्रा. कोकणातून चढणारा वारा कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर भिरकावतो, ते बघायला पुण्या-मुंबईहून लोक येतात, भिजतात, भजी खातात आणि परत जाताना कोंडी करतात. मागच्या रविवारी तिथंच, नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याच्या अलीकडं, गाडी उभी होती. पहिल्या गिअरमध्ये होती, तरी हुडात वारा भरला की डुलायची. गिअरच्या दात्यांत जेवढी ढिलाई, तेवढी पुढं, तेवढी मागं. समोर कडा, खाली ठाणे जिल्हा. मी चहाचा कप टपरीवर ठेवला, धावत आलो आणि तुम्हाला ओढलं. कट्, कट्, कट्. तीन दात चढलात आणि गाडी गप्प झाली. त्या गडबडीत आभार मानायचे राहिले, ते या पत्रानं मानतो.

तुम्हाला म्हणून सांगतो, ह्या घाटाला चाकाची सवयच नाही. सातवाहनांच्या काळापासून इथून बैल उतरले, गाढवं उतरली, डोक्यावर ओझं घेतलेली माणसं उतरली. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, पण ब्रेकचा प्रश्न त्या राज्याला कधी पडला नसणार. लादलेला बैल उतारावर आपला आपण पाय रोवतो. आमचा डांबरी रस्ता कड्यापाशी येऊन थांबतो आणि पुढची पायवाट खाली कोकणात वैशाखऱ्याकडं उतरते. चाकाचा घोर आहे तो अलीकडच्या अंगाला: घाटघर, अंजनावळे, चावंड, आपटाळे, जुन्नर. चढ, उतार, वळण, खड्डा, आणि पावसात फरशीवरून वाहणारं पाणी.

आता तुमच्या घराण्याचं थोडं बोलू. तुमची गाडी स्कूटरच्या पोटची. इटलीत 1946 साली व्हेस्पा निघाली आणि दोन वर्षांत तिचीच तीन चाकांची मालवाहू बहीण निघाली, आपे. दोघी कोराडिनो दास्कानियो या इंजिनिअरच्या हातच्या. आपल्याकडं आकुर्डीच्या बजाजनं आधी पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर आणि रिक्षा काढल्या, पुढं परवाना गेला तरी गाड्या राहिल्या. फिरोदियांचा तीनचाकी टेम्पो पुण्यातच वाढला. खुद्द आपे पुढं बारामतीत बनू लागली. म्हणजे तीन चाकांच्या गाडीला सासर म्हणा, माहेर म्हणा, पुणे जिल्ह्याइतकं जवळचं दुसरं नाही. आणि त्याच जिल्ह्याच्या ह्या टोकाला तिच्या ब्रेकची ही अवस्था.

स्कूटर आठवते ना? चेतक. उजव्या पायाखाली मागच्या चाकाचा ब्रेक, उजव्या हाताच्या बोटांखाली पुढच्या चाकाचा. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ पिरगाळून गिअर. रिक्षा झाली तेव्हा डावी मूठ तशीच आली, उजव्या मुठीतला ॲक्सिलरेटर तसाच आला, पायब्रेक तिन्ही चाकांना लागू झाला. फक्त बोटांखालचा ब्रेक तेवढा गळला, आणि हाताचा ब्रेक म्हणून तुम्हाला खाली सीटजवळ नेऊन बसवलं. हाताचे म्हणायचे आणि हातापासून इतके लांब! माझी पहिली तक्रार ही आहे.

कायद्यानं तुम्हाला मान दिलाय, नाही असं नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 96 वा नियम ब्रेकचा आहे. एक पायाचा ब्रेक आणि एक उभी गाडी धरून ठेवणारा, अशा दोन स्वतंत्र यंत्रणा तो मागतो. म्हणून पासिंगच्या आदल्या दिवशी तुमची चंगळ असते. मेकॅनिक वायर आवळतो, तेल सोडतो, दोनदा ओढून बघतो. पासिंग झालं की पुन्हा वर्षभराचा उपास.

यात तुमचा दोष कमी आणि आमचा जास्त, असं कुणी म्हणेल. पण उतारावरच्या माणसाचं ऐकून घ्या. मोटारवाल्याला घाटात हँडब्रेक लागतो तो चढावर गाडी उचलताना. त्याचा एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर जाणार, मग गाडी धरणार कोण? आमच्याकडं क्लच हातात आणि ॲक्सिलरेटरही हातात. पाय मोकळा. भर चढावर तीन शिटा आणि त्यांची बोचकी घेऊन उभा राहिलो तरी पायब्रेक दाबून ठेवतो, डावी मूठ सोडत येतो, उजवी पिळतो, गाडी इंचभर मागं न जाता निघते. म्हणजे तुमचं अर्धं काम पायानंच पळवलं. उरलं काम गाडी उभी करून ठेवायचं, तर तिथंही पावसाळ्यात पंचाईत. आमच्या पावसात तुम्हाला ओढून गाडी चार दिवस उभी केली, तर ड्रममध्ये लायनर गंजून चिकटतो. पाचव्या दिवशी तुम्हाला सोडलं तरी चाक सुटत नाही. मग हातोडीनं ड्रम ठोका, गाडी मागं-पुढं हिसडा, आणि शेजारचे येऊन सल्ले देतात ते निराळेच.

म्हणून आम्ही काय करतो? चाकाला दगड लावतो. घाटघरात दगडाला तोटा नाही. आमच्या घरच्या म्हणतात, "पैसे मोजून घेतलेला ब्रेक सोडून तुम्हाला फुकटचा दगडच बरा वाटतो." बोलण्यात टोमणा असला तरी खोट नाही. पण दगडाची खरी वाईट खोड पुढंच आहे. गाडी निघून जाते आणि दगड मागं राहतो. चावंडच्या उतारावर रस्त्याच्या मध्यात पडलेला नारळाएवढा दगड बघा. कुणी जीपवाल्यानं, कुणी रिक्षावाल्यानं चाकाखाली घातला, गाडी पुढं घेतली आणि उतरून उचलायचा कंटाळा केला. रात्री धुक्यात मोटरसायकलवरून येणाऱ्या पोराला तो दिसत नाही. हा दगड त्या रस्त्यावर पडतो याचं कारण तुम्ही, हँडब्रेकराव. तुम्ही नीट असता तर तो बांधावरच राहिला असता.

आता एक आठवण. तुम्हीही विसरला नसाल. हिरड्याचा हंगाम होता. मागं दोन पोती बाळहिरडा, पोत्यांवर टेकून एक म्हातारी आणि तिची नात. अंजनावळ्याच्या पुढच्या उतारावर पॅडल दाबलं आणि ते पोकळ गेलं. पुन्हा दाबलं, फळीला टेकलं. मागच्या एका चाकातला वॉशर गेला होता आणि ब्रेक ऑइल टायरवरून खाली गळत होतं. माझ्या जुन्या गाडीत तिन्ही चाकांचं तेल एकाच डबीतून जातं. एका चाकाकडं गळती लागली की तिन्ही चाकं उपाशी. गाडी तिसऱ्यात होती, दुसऱ्यात ओढली, इंजिन किंचाळलं, पहिल्यात घातली. आणि मग डाव्या हातानं मूठ सोडून खाली तुम्हाला चाचपलं. तुम्ही तेलावर चालत नाही, तारेवर चालता, म्हणून तुम्ही शाबूत होता. खटका दाबून धरत थोडं ओढलं, थोडं सोडलं, पुन्हा ओढलं. एकदम ओढलं असतं तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरली असती. शेवटी डोंगराच्या बाजूच्या गटारात पुढचं चाक घालून थांबलो. म्हातारी खाली उतरली, पोती मोजली आणि म्हणाली, "इथंच थांबायचं होतं, तर आधी सांगायचं." त्या दिवशी गाडी तुम्ही थांबवलीत, गटारानं थांबवली की पहिल्या गिअरनं, याचा हिशेब मी केलेला नाही. पण तुमचा वाटा मोठा होता, हे लेखी कबूल करतो.

तरी त्या वेळी एक हात मुठीवर आणि एक हात तुमच्यावर होता. उतारावर, खड्ड्यांत, एका हातानं हँडल! ज्याला हे शौर्य वाटतं त्यानं एकदा येऊन करून दाखवावं. म्हणून विचारतो, ब्रेक पायात असताना हातातही असावा का? जगात सगळ्यांचं यावर एकमत नाही. कॅनडात 2007 साली स्पायडर नावाची भारी तीनचाकी निघाली, दोन चाकं पुढं, एक मागं. तिच्या हँडलवर ब्रेकचा दांडा ठेवलेलाच नाही. सगळा भार एका पायब्रेकवर, आणि तो किती कुठल्या चाकाला द्यायचा ते यंत्र ठरवतं. मोटरसायकलवरून येणारा माणूस घाईत बोटांनी ब्रेक शोधतो आणि त्याच्या हाती वारा लागतो. ज्या रस्त्यांवर त्या गाड्या फिरतात तिथं हे चालत असेल. पण आमची गाडी म्हातारी, तेल एकाच डबीचं, आणि यंत्र म्हणजे मी.

उलट्या टोकाचं उदाहरण तर गावातच आहे. आमच्या ओळखीच्या एकाचा पाय लहानपणी पोलिओनं गेला. त्यानं स्कूटरला दोन्ही अंगांना जादा चाकं लावून घेतली आहेत. कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत असत, 2019 च्या दुरुस्तीनं ते नाव गेलं. त्याला पायब्रेकची चर्चा सांगून उपयोग काय? दोन्ही ब्रेक बोटांखाली, म्हणून तो बाजाराला जातो, बँकेत जातो, कुणाच्या मागं बसून जात नाही. फक्त एक आहे: बाजूची चाकं नुसता टेकू देतात, ब्रेक मधल्या चाकांनाच. ओल्या उतारावर तो खाली मान घालून हळूहळू येतो, आणि मागचे हॉर्न वाजवत राहतात. अशा गाडीत हात आणि पाय यांत निवड नसतेच. मग धडधाकट माणसाच्या गाडीत हाताला इतकं परकं का करावं?

तेव्हा माझं मागणं ऐका. तुम्ही वर या. उजव्या मुठीच्या बोटांखाली, चेतकवर होता तिथं. मात्र पुढच्या चाकाला लागू नका. तीन चाकांची गाडी वळणावर असताना एकटं पुढचं चाक दाबलं तर ती कोपऱ्यावर कलते, मग पोती एकीकडं, शिटा दुसरीकडं. तुमचा संसार मागच्या दोन चाकांशीच राहू द्या. बोटांत तेवढी ताकद नसते हे मान्य. त्यासाठी तुम्हाला वेगळी डबी, वेगळी नळी, वेगळं तेल द्यायला हवं, पायब्रेकच्या तेलात मिसळून नव्हे. खाली ओढायचा दांडाही राहू दे, कड्यावरच्या वाऱ्यासाठी. आणि गाडी बनवणाऱ्यांनी एवढं केलं तरी एक गोष्ट कुणालाच साधणार नाही, ती आत्ताच सांगून ठेवतो: मोठ्या उतारावर पाय दाबून दाबून ड्रम तापले, तर तुम्हीही तेच तापलेले लायनर दाबणार. तिथं दुसरा गिअर हाच बाप. पायब्रेकवर रुसून तुमच्याकडं येणाऱ्या पोरांना हे तुम्हीच समजवा, माझं ते ऐकत नाहीत.

तोपर्यंत माझ्याकडून होईल ते करतो. वायर नवी घातली आहे, आतून ग्रीस भरून. फरशीवरून पाणी ओलांडलं की पायब्रेक हलका दाबून ड्रम सुकवतो, तसा आता तुम्हालाही मैलभर हलका ओढून बघतो. पावसाळ्यात उभी गाडी तुमच्या भरवशावर चार दिवस ठेवणार नाही, दोन दिवसांनी सोडून पुन्हा ओढीन.

पायब्रेकला माझा नमस्कार सांगा. त्याला हे पत्र वाचून दाखवू नका, तो आधीच मऊ पडलाय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
घाटघर मार्गावरचा एक रिक्षावाला

ता. क. सीटच्या मागं दगड ठेवलाय, दिसला तर गैरसमज नसावा. उतरताना उचलून परत गाडीत टाकतो, रस्त्यावर ठेवत नाही.