लाल शाईचे निरोप

आज परत त्याने शेजारच्याच्या हाताला चावा घेतला. तिसरीतलं पोर. दोन महिने मी त्याच्या वहीत लाल शाईने ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असं लिहून पाठवतेय. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली. छडीची जागा बहुधा या लाल शाईनेच घेतली असावी.

संध्याकाळी त्याच्या आजी आल्या. आई-वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेत, पार कर्नाटकात. हे मला दोन महिन्यांनी कळावं!

“आजी, माझे निरोप कोण वाचतं?”

“मला कुठं वाचाया येतंय बाई? त्योच वाचून दाखवतो. बाई लई चांगलं म्हणत्यात, आसं सांगतो.”

हसू आवरेना, आणि मग आवंढाही.

बोलता बोलता कळलं, सकाळी तो काही न खाताच निघतो. त्याची भांडणं खिचडीच्या सुट्टीआधीच का होतात, ते तेव्हा उमगलं. आजी सकाळी दूध-भाकरी देणार. मी त्याला खिचडीची ताटं वाटायला लावणार. दर शनिवारी आम्ही दोघी बोलणार, वहीतून नव्हे.

आणि उद्याच्या निरोपात ‘बाई चांगलं म्हणतात’ हे मी खरंच लिहिणार आहे.