भरवसा ठेवायला शिकताना

आगरदांड्याला नोकरीसाठी आले तोवर ख्रिस्ती प्रार्थनेशी माझी ओळख नव्हती. सोबत काम करणारी कोर्लईची मैत्रीण एका रविवारी मला तिच्या गावी, माउंट कार्मेल चर्चमध्ये घेऊन गेली. सगळे मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, रमलेले होते; मी मात्र कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे शेजारच्या बायांकडे बघून ठरवत होते.

त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला गेला. पाखरांना खाऊ घालणारा देव तुमचीही काळजी वाहतो, असं येशू त्यात सांगतो. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आलं. मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या होत्या. नवी सुपारी लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. मग हा सांभाळ कसला?

जेवताना मैत्रिणीच्या आईला मी तसं विचारलंच. मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, झाडं पडली तेव्हाही तो होताच. का पडली, ते मला त्याने सांगितलं नाही." वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कोयता घेऊन वाट मोकळी केली होती, पुढे रोपंही लावली. हे उत्तर मला पुरलं नाही. पण त्यांच्या आवाजात कसलीच ओढाताण नव्हती, आणि तेच माझ्या मनातून जाईना.

मग ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदासदनाला अमेरिकेतून दहा वर्षांपुरत्या मदतीचं वचन होतं. ती मुदत सरत आली आणि त्याच सुमारास, 1896-97 मध्ये, दुष्काळ पडला. तरी त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या, केडगावला त्यांना आसरा दिला. प्रार्थना करत होत्या आणि विहिरीही खणवत होत्या. माझ्या मते त्यांचा भरवसा त्या खणण्यातच दिसतो.

देवाच्या मार्गदर्शनाचं कोडं मात्र सुटलेलं नाही. मुंबईत बदली घेऊ की इथेच राहू, यासाठी मी खूण मागत होते. मैत्रिणीने मत्तयचा चौथा अध्याय दाखवला: मंदिराच्या कळसावरून उडी टाक, देव झेलेल, असं सैतान सुचवतो, आणि देवाची परीक्षा पाहायला येशू नकार देतो. खूण मागणं थांबवलं. आता घरच्यांशी बोलते, खर्चाचा हिशेब मांडते आणि रात्री तेच सगळं देवापुढे ठेवते. उत्तर आल्यासारखं वाटतं ते त्याचं की माझ्याच मनाचं, हे ओळखता येत नाही.

येत्या रविवारी फादरांना तेवढंच विचारायचं आहे. आणि हेही, की भीती वाटत असताना ठेवलेला भरवसा चालतो का.