परड्यातल्या नव्या पाहुण्या

कुडाळ स्टेशनवर उतरायचं, एस.टी. स्टँडवर यायचं आणि माणगावकडे जाणारी गाडी पकडायची. खिडकीची जागा मिळाली तर उत्तमच! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, त्यांच्यामागे काजू, माड, सुपारी आणि मध्येच बांबूची बेटं. जसजशी गाडी पुढे जाते तसतसे समोरचे सह्याद्रीचे डोंगर मोठे होत जातात. आभाळ स्वच्छ असेल तर मनोहरगड आणि त्याला चिकटून उभा असलेला मनसंतोषगडही दिसतो. हे माणगाव खोरं.

इथे बघण्यासारखं बरंच आहे. माणगावात टेंब्येस्वामींचं जन्मस्थान आहे, निर्मला नदी आहे, शिवापूरच्या बाजूला जंगल आहे. पण दोस्तांनो, मी आज तुम्हाला घेऊन जाणार आहे एका घराच्या मागच्या दारी, म्हणजे परड्यात. कोकणात घरापुढे सारवलेलं खळं असतं आणि घरामागे परडं. परड्यात चुलीची लाकडं, शेणी, माठाचा वाफा, विहीर आणि अर्थातच कोंबड्यांचं खुराडं!

दिवाळी नुकतीच झाली होती. भात झोडून झालं होतं आणि खळ्यात सांडलेल्या दाण्यांवर सात कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा चरत होते. घरात होत्या आजी आणि त्यांची आठवीतली नात. अंडी विकून येणारे पैसे एका डब्यात जमतात आणि त्यातून नातीची वह्या-पुस्तकं येतात. त्यामुळे कोंबड्यांची सगळी व्यवस्था तिच्याकडे. नावंसुद्धा तिनंच ठेवलेली. सगळ्यांत दांडगी, ती पाटलीण. पाय थोडा ओढत चालणारी ती लंगडी. सारखी कुरकुरणारी ती मावशी!

या घरात मी गेले तेव्हा चार नव्या तलंगा येऊन एकवीस दिवस झाले होते. (तलंग म्हणजे अजून अंडं न घातलेली तरुण कोंबडी, बरं का!) पण त्या परड्यात नव्हत्याच. त्यांना ठेवलं होतं घराच्या दुसऱ्या अंगाला, मांगरात. त्यांचं पाणी वेगळं, दाण्याची वाटी वेगळी. नात आधी जुन्या कोंबड्यांना दाणे टाकायची आणि मग शेवटी मांगरात जायची. बाहेर आली की हातपाय धुवायची.

"एवढं सोवळं कशाला?" मी विचारलं.

आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मागे एकदा बाजारातसून एक कोंबडी हाडलंव आणि त्याच सांजेक खुराड्यात सोडलंव. आठ दिसांत सगळा खुराडा रिकामा."

ती मर होती. रानीखेत रोगाची. याला मानमोडीही म्हणतात, कारण आजारी कोंबडीची मान पिळवटल्यासारखी वाकडी होते. उत्तराखंडात रानीखेत नावाचं थंड हवेचं गाव आहे. १९२०च्या दशकात या रोगाची साथ तिथे नोंदली गेली, म्हणून आपल्याकडे त्याला हे नाव पडलं. बिचाऱ्या गावाचा त्यात काय दोष! हा रोग विषाणूचा. तो विष्ठेतून, पाण्यातून, भांड्यांतून, अगदी आपल्या चपलांना चिकटूनही जातो. आणि धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगातही तो काही दिवस लपलेला असू शकतो. रोगावर औषध नाही; लस मात्र आहे, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची माहिती मिळते. या वेळी नातीनं जुन्या-नव्या सगळ्यांना लस टोचून घेतली होती. तरीही एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस!

बाविसाव्या दिवशी चारही तलंगा परड्यात आल्या, पण बांबूच्या मोठ्या डालग्याखाली. डालग्यावर एक चिरा ठेवला. मग जी मजा सुरू झाली!

पाटलीण सगळ्यांत आधी आली. मान वाकडी करून तिनं एका डोळ्यानं आत पाहिलं, मग दुसऱ्या. मानेवरची पिसं फुलली. तिच्यामागून बाकीच्या आल्या आणि डालग्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या. एकीनं फटीतून चोच मारली. आतल्या तलंगा मध्यभागी गोळा झाल्या. त्यांतली सगळ्यांत लहान, काळीकुळकुळीत, ती तर दुसरीच्या पोटाखालीच घुसली. नातीनं तिचं नाव ठेवलं होतं मिरी.

"आता सोडूया गे, आजये! किती दिवस कोंडून घालायचं?"

"नको गो बाय. तेंका एकमेकांची तोंडा तरी बघूंदे."

आजींचं म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोकं आणि तुरा बघून ओळखतात. आणि त्यांच्यात प्रत्येकीचा नंबर ठरलेला असतो! दाण्याकडे आधी कोण जाणार, दांडीवर चांगली जागा कुणाला, कोण कुणाला टोचणार आणि कोण मुकाट्यानं बाजूला होणार, सगळं ठरलेलं.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट टिपून ठेवली ती नॉर्वेतल्या एका मुलानं. त्याचं नाव थोर्लेफ श्येल्डेरुप-एबे. जन्म १८९४चा. लहानपणापासून त्याला कोंबड्यांचं वेड. इतर मुलं खेळत असताना हा पठ्ठ्या कोण कुणाला टोचतं ते वहीत लिहीत बसायचा! मोठेपणी त्यानं त्यावरच अभ्यास केला आणि १९२२ साली त्याचा निबंध जर्मन भाषेत छापून आला. टोचण्याचा क्रम हा शब्द जगभर गेला तो तिथून. त्याला एक गंमतही दिसली होती. हा क्रम नेहमी सरळ शिडीसारखा नसतो. कधी कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी उलटून पहिलीला!

आता विचार करा, अशा ठरलेल्या घरात अचानक चौघी नव्या आल्या तर? सगळी मांडणी पुन्हा करायची. कोंबड्या ती चोचीनं करतात.

आठ दिवस डालगं परड्यात होतं. नात रोज त्याच्या दोन्ही बाजूंना कण्या टाकायची; जुन्या बाहेरून खायच्या, नव्या आतून. चौथ्या दिवशी बाहेरची गर्दी कमी झाली. सहाव्या दिवशी मावशी डालग्याला टेकून धुळीत अंघोळ करत होती, जणू आत कुणी नाहीच. मलाही तिथे राहून सवय झाली होती. पहाटे डोंगराच्या बाजूनं रानकोंबड्याची तुटक बांग यायची आणि आपला तांबडा लगेच तिला उत्तर द्यायचा. हा सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. तांबड्याचे पाय पिवळेधमक होते. हा पिवळा रंग पाळीव कोंबड्यांत राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या जनुकांवरून दाखवून दिलं. म्हणजे ती बांग तशी नात्यातलीच!

आठव्या दिवशी काळोख पडल्यावर आम्ही चौघींना उचललं. रात्री कोंबड्यांना फारसं दिसत नाही, त्या हलत नाहीत, भांडत तर नाहीतच. आजींनी एकेक तलंग हळूच दांडीवर, दोन जुन्या कोंबड्यांच्या मध्ये बसवली. आतून नुसती कुरकुर आली. दार लावलं.

सकाळी दार उघडलं आणि धुमश्चक्री! पिसं उडाली, ओरडा झाला. पाटलिणीनं दोघींना दोन-दोन टोचे मारले आणि निघून गेली. तिचं काम झालं होतं. खरा त्रास दिला तो लंगडीनं. इतके दिवस ती सगळ्यांत खाली होती ना! आता तिच्याही खाली कुणीतरी आलं होतं. ती मिरीच्या मागेच लागली. नात काठी घेऊन धावली.

"थांब! रगत दिसला तरच मध्ये पड. नायतर बघीत ऱ्हव," आजी म्हणाल्या.

बघत राहणं सोपं नव्हतं. पण परड्यात तयारी केलेली होती. दाण्याच्या करवंट्या दोनाऐवजी चार ठिकाणी. कोपऱ्यात तिरक्या लावलेल्या फळ्या, म्हणजे पळणारीला लपायला आडोसा. माठाची एक जुडी दोरीनं टांगलेली, उडी मारूनच खाता येईल अशी, म्हणजे रिकाम्या चोचींना उद्योग. तांबडाही दोनदा भांडणाच्या मध्ये येऊन उभा राहिला.

दुपारी मिरीच्या तुऱ्यावर रक्त दिसलं. आता मात्र आजी स्वतः उठल्या. रक्ताच्या लाल रंगावर बाकीच्याही तुटून पडतात. त्यांनी जखम धुऊन हळद भरली आणि मिरीला परत डालग्याखाली ठेवलं, पण तिच्या सोबतीला एक तलंगही ठेवली. एकटी ठेवली तर ती पुन्हा परकी होते. नात डालग्याजवळच गृहपाठ करत बसली. मिरी संध्याकाळपर्यंत काहीच खात नव्हती. दिवेलागणीला तिनं एक कणी उचलली, मग दुसरी.

दोन दिवसांनी जखम सुकली आणि दोघींना पुन्हा रात्रीच दांडीवर बसवलं. सकाळी लंगडी आलीच. मिरीनं मान खाली घातली आणि बाजूला सरली. लंगडीनं एक टोचा मारला आणि दाणे टिपायला लागली. बस्स, एवढंच!

मी निघाले तेव्हा मिरीचा नंबर शेवटचाच होता. जानेवारीत नातीचा फोन आला. चारही तलंगा अंड्यावर आल्या होत्या. तिघी खुराड्यातल्या टोपलीत अंडी घालत होत्या. मिरीचं पहिलं अंडं मात्र दोन दिवस शोधूनही सापडत नव्हतं. शेवटी आजी मांगरात पेंढा आणायला गेल्या, तर तिथे कोपऱ्यात एक नाही, तीन अंडी होती!