एकाच पाण्यात

१९८४ साली ब्रुकलिनमधल्या मॅकॅरन पार्कचा पोहण्याचा तलाव दुरुस्त करायला न्यूयॉर्क शहरानं माणसं पाठवली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनीच त्यांची वाट अडवली. आदल्या उन्हाळ्यानंतर तलाव बंद झाला होता. जवळजवळ पन्नास वर्षं वापरून तो जीर्ण झाला होता आणि शहर तो नीट करून द्यायला तयार होतं. शेजाऱ्यांना मात्र तो नको होता. तलाव सुरू झाला की बाहेरची पोरं येतात, दंगा होतो, मारामाऱ्या होतात, असं त्यांचं म्हणणं. ही ‘बाहेरची पोरं’ म्हणजे काळी आणि पोर्तो रिकन कुटुंबांतली, हे कुणी उघड बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. काम थांबलं. तलावात पुन्हा पाणी सुटलं ते थेट २०१२ साली.

माझी लेक या तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो की मी तिथे पोहायला जातो. विटांची भव्य इमारत, तिच्या मध्यभागी उंचच उंच कमानी, त्यांखालून आत गेलं की एकदम उघडं आभाळ आणि पसरलेलं निळं पाणी. एवढी देखणी वास्तू इतकी वर्षं कोरडी का राहिली असेल, या प्रश्नानं मला तिचा इतिहास वाचायला लावला. पडक्या जागेबद्दल आपण सहसा धरून चालतो की पैसा नव्हता, लक्ष नव्हतं, कुणी वाली उरला नव्हता. इथे पैसा होता, अवजारं घेऊन माणसं दारात उभी होती. आटली होती ती परक्या माणसांबरोबर एका पाण्यात उतरण्याची तयारी. सार्वजनिक तलाव चालतो तो या तयारीवर. तो पुन्हा उभा करायचा तर आधी तीच उभी करावी लागते, असं मला आता ठामपणे वाटतं.

या तलावाचा जन्म महामंदीतला. देशभर बेकारी माजली होती आणि रूझवेल्ट सरकारनं हातांना काम देण्यासाठी वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही प्रचंड योजना काढली. ७२च्या दुष्काळात आपल्याकडे सरकारी कामांवर पाझर तलाव आणि रस्ते झाले, तसे न्यूयॉर्कमध्ये या योजनेतून पोहण्याचे तलाव झाले. महापौर फिओरेलो ला गार्डिया आणि उद्यानखात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी १९३६च्या एका उन्हाळ्यात ११ तलाव उघडले. मॅकॅरन पार्कचा तलाव त्यातला आठवा, ३१ जुलैला सुरू झालेला. लांबी ३३० फूट, रुंदी १६५ फूट आणि एका वेळी ६,८०० माणसं मावतील एवढी सोय. कारखान्यांच्या आणि चाळवजा इमारतींच्या या वस्तीत तोवर उकाड्यात पोरं प्रदूषित नदीत उड्या मारत. त्यांच्या वाट्याला आता गाळून, क्लोरिन घालून सतत फिरतं ठेवलेलं पाणी आलं आणि रात्री पोहता यावं म्हणून पाण्याखाली दिवे आले. गरिबाला जे द्यायचं ते उत्तमच द्यायचं, ही भावना त्या विटांच्या बांधकामात अजून दिसते. माझ्या दृष्टीनं एखाद्या शहरानं आपल्या कष्टकऱ्यांना दिलेल्या सुंदर भेटींपैकी ही एक आहे.

पण त्याच काळात अमेरिकेतल्या तलावांच्या पोटात एक तेढही वाढत होती. इतिहासकार जेफ विल्त्सी यांनी २००७ साली अमेरिकेतल्या तलावांच्या सामाजिक इतिहासावर पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी विचारात पाडणारी आहे. सुरुवातीच्या शहरी तलावांवर बायका आणि पुरुषांचे दिवस वेगळे असत. गोरे-काळे कामगार मात्र अनेक ठिकाणी एकत्र उतरत. पुढे १९२०-३०च्या दशकांत स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले आणि काळे पुरुष गोऱ्या बायकांजवळ असतील या धास्तीनं काळ्यांना बाहेर काढलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यायालयांनी तलाव सर्वांना खुले करायला लावले, तेव्हा अनेक शहरांनी अजब मार्ग काढला. त्यांनी तलावच बंद केले. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरानं १९५९ साली तलावासकट आपली सगळी सार्वजनिक उद्यानं बंद केली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानंही आपले तलाव बंद केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की तलाव सर्वांनाच बंद असेल तर त्यात भेदभाव नाही. स्वतःच्या मुलांचं पोहणं गेलं तरी चालेल, पण त्यांची मुलं आमच्या पाण्यात नकोत, या हट्टाला कायद्यानं अशी वाट करून दिली. ज्यांना परवडत होतं त्यांनी खाजगी क्लब काढले, परसात स्वतःचे तलाव बांधले. बाकीचे गोरे गरीब आणि काळे गरीब कोरड्या हौदाच्या जाळीबाहेर राहिले.

हे वाचताना मराठी माणसाला महाड आठवणारच. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावानं मुंबई इलाख्यातली सार्वजनिक पाणवठ्यांची दारं अस्पृश्यांना कागदोपत्री उघडली. महाड नगरपालिकेनं त्याप्रमाणे चवदार तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या माणसांवर हल्ले झाले. पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठरावही फिरवला. विरोधकांनी कोर्टात काय म्हटलं ते मला फार बोलकं वाटतं. हे तळं सार्वजनिक नाहीच, ते खाजगी आहे, असा त्यांचा दावा होता. तो दावा मोडून निघायला १९३७ साल उजाडलं, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तहानेचं पाणी आणि पोहण्याचं पाणी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मी विसरत नाही. महाडला प्रश्न माणूस म्हणून जगण्याचा होता. पण पळवाट दोन्हीकडे एकच निघाली: वाटून घ्यायची वेळ आली की सार्वजनिक वस्तूला खाजगी ठरवायचं. ज्या न्यूयॉर्कमध्ये बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच शहरातल्या एका तलावाच्या काठावर बसून हे सारखं मनात येतं.

मी पोहायला शिकलो ते मळ्यातल्या विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून थोरल्या चुलत्यानं ढकलून दिलं. पुढे काही उन्हाळे मुटके आणि सूर मारण्यात गेले. दुपारभर विहीर पोरांनी गजबजलेली असायची. मुली काठावर बसून पाय सोडायच्या. गावाबाहेरच्या वस्तीतली आमच्याच वर्गातली पोरं मात्र ओढ्याच्या डोहात पोहायची. विहिरीवर येऊ नका, असं त्यांना कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. ते सांगावंच लागत नव्हतं, इतकं ते मुरलेलं होतं. पुढे बोअर आले. ज्यानं त्यानं आपापल्या शेतात पाणी खोल ओढलं, विहिरीचे झरे आटले, मग तिच्यात उसाचं पाचट आणि फुटकी कौलं पडायला लागली. आज ती जागा बुजली आहे. तिथून जाताना वाटतं, विहीर आटण्याआधी तिच्याभोवतीचं माणसांचं येणं-जाणं आटलं होतं. बोअरची मोटर आपल्या एकट्याची असते, तिथे कुणाची वाट पाहावी लागत नाही आणि कुणाला वाट द्यावीही लागत नाही.

मॅकॅरनचा तलाव बुजवला गेला नाही, ही नशिबाची गोष्ट. पाडून टाका, असं म्हणणारे होते. पण ही वास्तू आपली आहे, ती वाचवा, असं म्हणणारेही त्याच वस्तीत निघाले. वर्षानुवर्षं अर्ज, बैठका, भांडणं चालली. कोरड्या हौदाच्या भिंतींवर पोरांनी चित्रं रंगवली, फरशीच्या सांध्यांतून गवत वर आलं. २००५ साली नोएमी लाफ्रान्स या नृत्यदिग्दर्शिकेनं त्या रिकाम्या हौदात ‘अगोरा’ नावाचा नृत्यप्रयोग केला. त्यानंतर काही उन्हाळे रविवारी तिथे फुकट संगीत मैफली झाल्या, हजारो तरुण आले. पाणी नसलेल्या तलावात माणसं पुन्हा एकत्र जमायला लागली. मला हा या कहाणीतला कळीचा क्षण वाटतो. जागा सोडून गेलेल्या लोकांनी आधी जागेत पाऊल टाकलं, ती भीतीची राहिली नाही. २००७ साली शहरानं तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला आणि महापौर ब्लूमबर्ग यांच्या योजनेतून दुरुस्तीसाठी ५ कोटी डॉलर मंजूर झाले.

याच काळात ती वस्ती वेगानं महाग होत गेली, हेही सांगायला हवं. २००५ साली नदीकाठच्या जमिनीचे वापराचे नियम बदलले, कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या, आणि जुनी कष्टकरी कुटुंबं भाड्यापायी हळूहळू उठली. सधन माणसं आली की शहराला त्या भागाचं सौंदर्य आठवतं, असा माझा सगळीकडचा अनुभव आहे. पॅरिसचा मोलिटर तलाव असाच. १९२९ साली उघडलेला, १९८९ साली बंद पडलेला, मग २०१४ साली तो परत आला तो महागड्या हॉटेलचा भाग होऊन. इमारत झळाळली, पण सामान्य पॅरिसकर मात्र बाहेर राहिला. मॅकॅरनचं तसं झालं नाही, कारण न्यूयॉर्कच्या सगळ्या सार्वजनिक उघड्या तलावांवर प्रवेश फुकट आहे. त्या एका नियमानं दुरुस्तीचा अर्थच बदलून टाकला.

२८ जून २०१२ रोजी तलाव उघडला. क्षमता आता १,५०० माणसांची ठेवली होती. आणि पहिल्या काही दिवसांतच जीवरक्षकांशी आणि पोलिसांशी मारामाऱ्या झाल्या, वर्तमानपत्रांत मथळे झळकले. जुनी भीती लगेच डोकं वर काढू लागली. शहराला १९८४ सालासारखं मागे सरकणं सोपं होतं. त्यानं बंदोबस्त वाढवला आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं, तिसऱ्या दिवशीही उघडलं. माझ्या मते तलाव खरा दुरुस्त झाला तो या दिवसांत. सिमेंट त्याआधीच सुकलं होतं.

आज तिथे गेलं की दारावरचा माणूस आधी कुलूप मागतो. आपलं कुलूप नसेल तर आत सोडत नाहीत, सामान ठेवायच्या कपाटाला ते आपणच लावायचं. चड्डी पोहण्याचीच हवी, हे तपासतात. श्रीमंत-गरीब सगळ्यांना हे नियम सारखे. एकदा भर दुपारच्या रांगेत माझ्यापुढच्या मुलाकडे कुलूप नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांचा असेल, लांबून आलेला, घामानं चिंब. तो परत फिरणार, इतक्यात मागच्या एका वयस्क गृहस्थांनी आपलं पितळी कुलूप वर धरलं आणि दारावरच्या माणसाला म्हणाले, “याचं सामान माझ्या कपाटात. आम्ही दोघं एक.” दारावरच्यानं दोघांकडे पाहिलं आणि मान हलवली. एक गोरे पोलिश आजोबा, एक काळा पोरगा, दोघांनी एकमेकांचं नावही विचारलं नव्हतं. तीन वाजता शिट्टी झाली. रोज तेव्हा साफसफाईसाठी सगळ्यांना बाहेर काढतात आणि चारला पुन्हा आत घेतात. बाहेरच्या रांगेत ते दोघं सावलीत शेजारी उभे होते. आपलं सामान त्या एका कपाटात आहे म्हटल्यावर दुसरं करणार काय?

मला हे सगळं इथे मराठीत लिहावंसं वाटलं, कारण आपल्याकडे तलावांची नवी वाटणी डोळ्यांदेखत होते आहे. नव्या गृहसंकुलाच्या जाहिरातीत निळा तलाव असतोच. संकुलातली मुलं त्यात खेळतात आणि त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची मुलं ते पाणी फक्त फाटकातून पाहतात. मग महापालिकेचा तलाव महिनोन्‌महिने ‘दुरुस्तीसाठी बंद’ राहिला तरी ओरडायला कुणी उरत नाही, कारण ज्यांचा आवाज पोहोचतो त्यांची सोय झालेली असते. पोहणं ही चैन नाही. बुडणाऱ्याला वाचवणारं ते कौशल्य आहे, आणि आपल्या नद्यांत, खाणींत, धरणांत दर उन्हाळ्यात जी पोरं बुडतात त्यांत संकुलातली क्वचितच असतात.

म्हणून आपल्या गावात असा बंद तलाव असेल, तर निविदा आणि खर्चाचा अंदाज यांच्याआधी प्रत्येक घरानं एका प्रश्नाला उत्तर द्यायला हवं: हा सुरू झाला तर आपण आपल्या मुलांना तिथे पाठवू का? सगळ्यांच्या मुलांबरोबर, एकाच पाण्यात? पुरेशा घरांतून ‘हो’ आलं की पंप, गाळणी आणि फरशा यांच्यासाठी भांडणारी माणसं आपोआप मिळतात. ‘नाही’ आलं, तर ५ कोटी डॉलरसुद्धा तो हौद भरू शकत नाहीत.