वाडीतली उडती मंडळी

वसईच्या माणसाला वाडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आम्ही उभयता वाडीतच वाढलो. केळीचे लोंगर, विहिरीवरचा रहाट, फुलांच्या टोपल्या हे आमचे बालपण. त्यामुळे २००६ साली नोकरीनिमित्त चंद्रपूरला बिऱ्हाड हलविले, तेव्हा भाड्याचे घर पाहताना खोल्या किती यापेक्षा मागे जागा किती हाच प्रश्न आम्ही आधी विचारला. जागा फार नव्हती. जेमतेम एक गुंठा. पण तिच्यात एक शेवगा होता, एक सीताफळ होते आणि चिकण काळी माती होती. आम्ही तिला लगेच वाडी म्हणू लागलो.

चंद्रपूरचा उन्हाळा वसईच्या माणसाने अनुभवल्याशिवाय त्याला समजायचा नाही. पारा पंचेचाळीसच्या वर चढला तरी येथील माणसे ती बातमी म्हणून सांगत नाहीत. मे महिन्यात आमची वाडी म्हणजे भेगाळलेली माती आणि त्यावर उभा असलेला कूलर, एवढेच शिल्लक राही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या त्या अजस्र पेटीनेच आम्हाला जगविले असे म्हटले तरी चालेल. या कूलरचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की मात्र सारे पालटे. आठ दिवसांत मांडवावर दोडका चढे, कारले वेटोळे घाली, कुंपणाशी लाल भोपळा हातपाय पसरी. त्याला इकडे कोहळे म्हणतात. आणि या हिरवाईबरोबरच उडती मंडळी येत. शेवग्याखाली आम्ही एक बाक टाकला होता. सायंकाळी तेथे चहा घेत बसावे एवढीच आमची माफक इच्छा. पण बसताच डोक्यावर बारीक माश्यांचा एक खांबच्या खांब घिरट्या घालू लागे. आम्ही उठून चार पावले सरकलो की तोही सरके. घुंगुरटी तर थेट डोळ्यांत शिरत. चहात चिलटे पडत. मांडवाखालून गांधीलमाशी असा काही सूर काढीत जाई की हातातली बशी हिंदकळे.

२०१४ सालच्या पावसाळ्यात आम्ही युद्ध पुकारले. बाजारातून हातपंप आणला, दुकानदाराने दिलेले कीटकनाशक आणले, आणि रोज सकाळी सात वाजता, घरातून निघण्यापूर्वी, एकाने पंप मारायचा व दुसऱ्याने नळी धरायची असा क्रम सुरू केला. काय मारतो आहोत याचा विचार आम्ही केला नाही. जे उडते ते शत्रू, इतके सोपे आमचे शास्त्र होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी कुंपणापलीकडून शेजारच्या आजींचा आवाज आला, "बाई, सकाळच्या पारी कायले औषध मारून राहिले जी तुम्ही? माश्या मरन तं कोहळं कोठून लागन?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण आजींचे बोल पंधरवड्यात खरे ठरले. वेलावर पिवळीधमक फुले उमलत होती, मादीफुलांखाली सुपारीएवढी फळे दिसत होती, आणि ती सगळी पिवळी पडून गळत होती. कोहळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. नर वेगळा, मादी वेगळी. एकाचा पराग दुसरीपर्यंत न्यायला मधमाशीच हवी, आणि तिच्यापाशी वेळ असतो तो सकाळच्या चार-पाच तासांचा. नेमक्या त्याच तासांत आम्ही विष शिंपडत होतो. त्या वर्षी कोहळे एकही लागले नाही. डोक्यावरचा खांब मात्र पूर्वीसारखाच होता.

याच सुमारास आमचा मुलगा तापाने फणफणला. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणून रडायचा, पाय धरून बसायचा. डॉक्टरांनी रक्त तपासले, डेंग्यू निघाला. आम्ही त्याला पॅरासिटामॉल देत होतो, पाणी पाजत होतो, दिवस मोजत होतो. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. आम्ही निश्चिंत झालो. आमच्यापैकी एक तर कामावरही गेला. दुपारी मुलाच्या पोटात दुखू लागले, हातपाय गार पडले, उलट्या थांबेनात. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच असतो, ही गोष्ट आम्हाला इस्पितळाच्या पलंगाशी उभे असताना कळली. दोन रात्री आम्ही सलाईनच्या बाटलीकडे पाहत काढल्या. त्या दोन रात्रींबद्दल अधिक लिहिणे आम्हाला आजही जमत नाही. तो वाचला.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा एक कर्मचारी चौकशीला आला. तरुण मुलगा होता. हातात बॅटरी आणि एक पांढरी ताटली. आम्ही त्याला उत्साहाने वाडीकडे नेले, घुंगुरटी दाखविली, गांधीलमाश्या दाखविल्या. तो मान डोलवीत राहिला आणि सरळ कूलरपाशी जाऊन उभा राहिला. पाऊस सुरू झाल्यापासून कूलर बंद होता. पण टाकीतले पाणी आम्ही काढलेच नव्हते. त्याने ताटली बुडवून वर काढली. स्वच्छ, निवळशंख पाण्यात स्वल्पविरामासारख्या कितीतरी अळ्या वळवळत होत्या.

"काका, हा डास गटारातला नाही," तो म्हणाला. "याला चांगलं पाणी लागते."

तो आम्हाला रागावला असता तर बरे वाटले असते. त्याने शांतपणे सारे सांगितले. डेंग्यूचा एडिस डास काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसाढवळ्या चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. गुणगुण अशी फारशी करीत नाही. घोट्याशी, कोपराशी येऊन चावून जातो. आणि तो फार दूर उडत नाही. बहुधा शे-दोनशे मीटरांच्या आतच त्याचा जन्म आणि मरण. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी कोरडी करायची. नुसते पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला. आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. ब्रशने घासल्याखेरीज निघत नाहीत. म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही कूलरमध्ये नवे पाणी भरले असते, तेव्हा गतवर्षीची पिढी उमलायला तयारच होती.

वाचकहो, आम्ही त्या दिवशी पंप अडगळीत टाकला. जिने आम्हाला चिडविले तिच्यावर आम्ही पंप चालविला होता, आणि ज्याने मुलाला मरणाच्या दारी नेले त्याला कधी पाहिलेदेखील नव्हते.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत हवापालट म्हणून मुलाला घेऊन आम्ही गडचिरोली जिल्ह्यात गेलो. आमची धाकटी बहीण धर्मभगिनी आहे. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेच्या एका दवाखान्यात ती तेव्हा परिचारिका होती. वाटेत दुतर्फा धानाच्या बांध्या पिवळ्या पडत होत्या. रात्री दवाखान्याच्या ओसरीवर दिवा लावला, तर भिंत हिरव्या बारीक पाखरांनी भरून गेली. आम्ही अंग चोरले. सिस्टर हसली. "दादा, हे तुडतुडे. धानावरचे. धान कापले की जातील. दिवा जरा लांब ठेवू या." मग तिने भिंतीवरची डासासारखीच दिसणारी एक तांबूस, नाजूक माशी दाखविली. ती गादमाशी. माणसाला ती चावत नाही. पण तिची अळी धानाच्या कोंबात शिरली की कोंबाचा चंदेरी पोंगा होतो आणि त्याला लोंबी येत नाही. येथल्या शेतकऱ्याचे वर्ष ती बुडवू शकते. तिच्या अळीवर जगणारा एक सूक्ष्म परोपजीवी कीटक असतो. कृषी खात्याची माणसे तो असलेले पोंगे बांधीत सोडायला सांगतात. फवारणीने तो आधी मरतो म्हणून. आमच्या कोहळ्यांचीच गोष्ट आम्ही पुन्हा ऐकत होतो.

सकाळी तिने आम्हाला दवाखान्यामागच्या ओढ्यावर नेले. पाणी संथ, तळ दिसेल इतके स्वच्छ, काठाला गवत. तिच्याही हातात पांढरी ताटली. येथल्या अळ्या वेगळ्या होत्या. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या. गटारातल्या डासाची अळी डोके खाली करून तिरकी लोंबते. ही हिवतापाच्या ॲनोफिलिसची. मोठा डासही ओळखता येतो. भिंतीवर बसताना शेपटीकडची बाजू वर उचलून तिरका बसतो. हा रात्री, माणसे गाढ झोपल्यावर येतो. राज्यातल्या हिवतापाच्या नोंदींत गडचिरोली वर्षानुवर्षे अग्रभागी राहिली आहे, आणि येथला ताप बहुधा मेंदूत जाणाऱ्या जातीचा. १९७३ साली हेमलकसा येथे प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी काम सुरू केले, तेव्हापासून कितीतरी माडिया मुले या एका रोगाने बेशुद्धावस्थेत त्यांच्यापुढे आणली गेली. आता गावातली आशाताई बोटाच्या एका थेंबावर तिथल्या तिथे तपासणी करते आणि गोळ्या देते. कीटकनाशकभारित मच्छरदाण्या घरोघर पोहोचल्या आहेत. तरी शेतावरच्या मांडवात जागलीला झोपणारा माणूस मच्छरदाणी बरोबर नेईलच असे नाही, असे सिस्टर म्हणाली.

दवाखान्याच्या कपाटात एक जुने पुस्तक होते. त्यात रोनाल्ड रॉसची हकिगत वाचली. सिकंदराबादेत हा लष्करी डॉक्टर दोन वर्षे डास फाडून पाहत होता आणि हाती काही लागत नव्हते. कारण तो चुकीच्याच जातीचे डास तपासत होता. पंखांवर ठिपके असलेला डास त्याच्या हाती आला, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यालाही आधी दोन वर्षे भलतेच कीटक मारावे लागले, हे वाचून आम्हाला थोडा दिलासा मिळाला, हे कबूल करतो. त्याच्याही आधी दोन-अडीचशे वर्षे पेरूमधील येशूसंघीयांनी सिंकोनाची साल रोमला पोहोचविली होती. इंग्लंडमधले काही प्रॉटेस्टंट लोक ती 'जेझुइटांची भुकटी' म्हणून घ्यायला तयार नव्हते म्हणे! तापाला कोणाचाच पंथ ठाऊक नव्हता.

निघताना सिस्टरने मातीच्या भिंतीच्या भेगेत बॅटरी मारून एक केसाळ, उड्या मारणारी, डासाच्या चौथाईएवढी माशी दाखविली. ही वाळूमाशी. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून ज्या विषाणूला १९६५ साली नाव मिळाले, तो हिच्याकरवी पसरतो. २००३ साली आंध्रात आणि आपल्या राज्यात त्याने कितीतरी बालके एक-दोन दिवसांत नेली. "वहिनी, हिचा आवाजच नसतो," ती म्हणाली. "भिंत लिंपणे हाच इलाज."

परतल्यावर आम्ही भिंग घेतले आणि पंपाऐवजी वही काढली. डोक्यावरचा खांब म्हणजे पुष्कळदा तळ्यातून निघालेल्या, मुळीच न चावणाऱ्या बारीक माश्यांच्या नरांचा मेळा असतो. रामाळा तलाव आमच्यापासून दूर नाही. चिलटे आमच्याच खतखड्यावरून येत. भाजीच्या सालींवर सुका पाला व माती पसरताच ती निम्म्यावर आली. घुंगुरट्यांना डोळ्यांतला ओलावा हवा असतो, आणि एकाच्या आलेल्या डोळ्यांवरून ती दुसऱ्याच्या डोळ्यांवर बसू शकतात. त्यांना मात्र आम्ही माफ केलेले नाही. कारल्यात किडे करणारी फळमाशी लहानशा गांधीलमाशीसारखी दिसते. तिच्यासाठी कामगंध सापळा टांगतो, पडलेली फळे रोज वेचून खोल पुरतो, कोवळी कारली कागदात गुंडाळतो. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट कागद आणि निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर. गांधीलमाशी पानांवरच्या अळ्या उचलून नेताना आम्ही पाहिली, तेव्हापासून तिचे मांडवाच्या टोकाचे घर आम्ही राहू दिले. दाराच्या चौकटीवर बांधू लागते तेव्हा मात्र हाकलतो. शेजारी राहायचे तर मर्यादा हवी.

आजी आता नाहीत. मुलगा शिक्षणासाठी नागपूरला असतो. रविवारी मिस्साहून आलो की आम्ही दोघे आधी कूलरची टाकी, मग रांजण, मग कुंड्यांखालच्या ताटल्या घासतो. फ्रिजच्या मागचा ट्रे आमच्यापैकी एकजण दर वेळी विसरतो आणि दुसऱ्याला आठवतो. मग शेवग्याखाली चहा. डोक्यावर खांब उभा राहतोच. गेल्या पावसाळ्यात नऊ कोहळी लागली. त्यांतले सर्वांत मोठे आम्ही आजींच्या सुनेला नेऊन दिले. तिने त्याच्या बिया राखेत घोळून ठेवल्या आहेत, म्हणते मृगाला लावीन.