लाइन गेली तर?

नागपूरकडच्या काटोलच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाची थंड पाण्याशी खरी ओळख झालेलीच नसते. जमिनीतलं पाणी बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाला राहतं. त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे आमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीतून वाफा निघताना दिसायच्या, आणि मोटार सुरू झाली की पाइपाच्या तोंडाशी हात धरून आम्ही पोरं ते शेकून घ्यायचो. पुढे स्कूबा शिकले ती तारकर्लीला, एमटीडीसीच्या केंद्रात. तिथेही अंगात पातळ वेटसूट आणि भोवती कोमट समुद्र. कान मोकळे करणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं, श्वास न रोखणं, एवढ्याच काळज्या. थंडीचं नाव कोणी काढत नव्हतं.

नोकरीनं मला इंग्लंडात लेस्टरला नेलं आणि ती चैन संपली. लेस्टरजवळ स्टोनी कोव्ह नावाची दगडाची जुनी खाण आहे. खाणकाम थांबल्यावर झऱ्यांच्या पाण्यानं ती भरली, आणि आता तिथे देशभरातले डायव्हर शिकायला येतात. खाणीच्या पायऱ्या पाण्याखाली तशाच आहेत. सर्वांत खोल भाग 35 मीटरच्या आसपास. मधल्या पायरीवर, 20 मीटरच्या थोडं पुढे, स्टेनगार्थ नावाची जुनी टगबोट 2000 साली मुद्दाम बुडवून ठेवली आहे. ती पाहायला भर हिवाळ्यातही गर्दी असते, आणि हिवाळ्यात तिथलं पाणी चार ते सहा अंशांवर येतं. गोडं पाणी चार अंशांना सर्वांत जड होतं, ते तळाशी जाऊन बसतं.

आमच्याकडच्या लोकांना या आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगते. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्या पहाटे आमच्या घरचं कुणी शेकोटीपासून हललं नव्हतं. पण ती हवा होती. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून नेतं.

अशा पाण्यात ड्रायसूट घालतात. मानेशी आणि मनगटांशी रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, आत पाणी येत नाही. सूटचं कापड मात्र ऊब देत नाही; ऊब देतो आत घातलेला जाड अंडरसूट आणि त्यात अडकलेली हवा. अर्ध्या तासानंतर ती ऊबही कमी पडायला लागते. पहिली जातात बोटं. बोटं बधिर झाली की नुसती गैरसोय होत नाही, सूटमध्ये हवा सोडणारी कळ दाबता येत नाही, जोडीदाराच्या बकलला हात घालता येत नाही. थंडी सहन करणं हा तिथे मर्दुमकीचा विषय नाही, सुरक्षेचा आहे.

यावर माझ्या डायव्हिंग क्लबमधल्या अनुभवी मंडळींनी सुचवलेला उपाय म्हणजे हीटेड व्हेस्ट. अंडरसूटच्या आत घालायची बिनबाह्यांची बंडी. पाठीवर, कमरेवर आणि छातीवर तापणाऱ्या तारा किंवा कार्बन फायबरच्या पट्ट्या शिवलेल्या. बॅटरी साधारण 12 व्होल्टची. बोटं गारठतात आणि उपाय पाठीवर करायचा, हे मला आधी विचित्र वाटलं. कारण समजल्यावर पटलं. शरीर गारठायला लागलं की ते हातापायांचं रक्त आखडून घेतं आणि काळीज, फुप्फुसं, मेंदू यांना आधी जपतं. धड उबदार राहिलं तर शरीराला अशी काटकसर करावी लागत नाही आणि बोटांकडे रक्त चालू राहतं. म्हणून तापणारे हातमोजे मी यादीतून काढले आणि बंडीकडे वळले.

बाजारात पाहिलं तर तीन प्रकार. पहिला, मोटारसायकलवाल्यांसाठी विकतात ती पॉवर बँकेवर चालणारी स्वस्त बंडी. काही जण ती ड्रायसूटच्या आत घालतात. दुसरा, डायव्हिंगसाठीच केलेली, पण बॅटरी सूटच्या आत, खिशात. तिसरा, बॅटरी बाहेर कमरेला डब्यात, आणि वायर ड्रायसूटच्या छातीवरल्या हवेच्या व्हॉल्व्हमधून आत. या तिसऱ्या प्रकारात बाहेरची जोडणी पाण्यात असतानाही काढता-लावता येते. पोलंडच्या सँटीसारख्या कंपन्या असा सरंजाम बनवतात. तो सर्वांत महाग, कारण बंडीबरोबर व्हॉल्व्ह बदलायचा आणि डबा घ्यायचा.

पाण्यात वापरायच्या विजेच्या वस्तूबद्दल कुणाला विचारावं हा प्रश्न मला पडला नाही. डिसेंबरात मी घरी काटोलला येणारच होते, आणि माझ्या काकांचं आयुष्य मोटारी भरण्यात गेलं आहे. काटोल-नरखेडच्या पट्ट्यात विहिरी आणि बोअर उदंड, त्यामुळे जळालेल्या मोटारींनाही तोटा नाही. दुकानात तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, दाराशी नंबर लावून पडलेल्या सबमर्सिबल. मी मोबाइलवर तिन्ही बंड्यांचे वायरिंगचे नकाशे दाखवले.

“पाण्यात करंट घेऊन कायले जाऊन राह्यली, पोरी?” ही सलामी. मग चष्मा लावून त्यांनी नकाशे नीट पाहिले आणि कामाचे प्रश्न सुरू झाले. अँपिअर किती? साठेक वॅट आणि बारा व्होल्ट म्हणजे पाच. बॅटरी किती तासांची? बारा अँपिअर-अवरची घेतली तर कागदावर दोन तास चोवीस मिनिटं. “कागदावर,” काका म्हणाले. लिथियमची बॅटरीही थंडीत कमी देते, तेव्हा त्यांनी पाव भाग तिथेच कापला. बारा व्होल्टचा शॉक लागून माणूस मरत नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण तार तुटून एका जागी तापली तर भाजणार, आणि अंगाला दाबून बसलेली वस्तू नुसती 44 अंशांवर राहिली तरी काही तासांत त्वचा जळते. खोलवर पाण्याचा दाब सूट अंगावर दाबतो, त्यात बधिर पाठीला चटका कळतोच असं नाही. म्हणून बंडी उघड्या अंगावर नको, आत लोकरीचा पातळ थर हवा, हे पहिलं कलम ठरलं.

पॉवर बँकेची बंडी त्यांनी लगेच बाजूला सारली. लिथियमची बॅटरी, बंद सूट, आणि पाठीवरची चेन दुसऱ्यानं उघडल्याशिवाय बाहेर यायला वाट नाही. शिवाय सूटमध्ये भरलेल्या वायूत ऑक्सिजन जास्त असेल तर ठिणगीचा धोका वाढतो, म्हणून तापणारी वस्तू आत असताना सूटमध्ये साधी हवाच भरावी, हेही मी त्यांना सांगितलं. त्यावर ते फक्त “बरोबर हाय” म्हणाले.

खरी चर्चा उरलेल्या दोन प्रकारांवर झाली. मला वाटत होतं, बॅटरी आत असलेली बरी. पाण्यात जोड नको. सबमर्सिबलची मोटार बहुतेक वेळा जोडाशीच दगा देते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. काकांनीही तेच सांगितलं, “मोटार उगीच नाही जळत, पहिले जोड जाते.” पण निष्कर्ष उलटा काढला. जोड जाणारच आहे तर तो कुठे जावा, एवढंच आपल्या हाती असतं. बाहेरचा जोड बिघडला तर हात पोचतो, वायर उपटता येते, विषय संपतो. आत बिघाड झाला तर पाण्याखाली काहीही करता येत नाही. “बिघाड हाताशी पाह्यजे,” एवढ्या वाक्यात माझा हजारो रुपयांचा निर्णय झाला.

मग त्यांनी विचारलं, “मंग हे सांग, खाली असताना लाइन गेली त?”

शेतीच्या थ्री-फेज लाइनवर वाढलेल्या माणसाला हाच प्रश्न सुचणार. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची, आणि पाळीतही लाइन राहील याची हमी नाही. त्यामुळे आमच्याकडे बगीच्याचं ओलित आखताना लाइन असेल असं धरून कोणी चालत नाही. ती आली तर काय काय उरकायचं, हे ठरलेलं असतं. बंडीच्या जाहिराती मात्र लाइन असेल असंच धरून लिहिलेल्या होत्या. किती तास, किती गरम, किती पट्ट्या. बंद पडल्यावर काय, यावर कुठे ओळ नव्हती.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला अमेरिकी नौदलाच्या एका अहवालात सापडलं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी डायव्हरना टाकीत सुमारे 37 मीटर खोलीच्या दाबाखाली नेलं आणि पाण्याचं तापमान बदलून पाहिलं. तळाशी ऊब आणि वर येताना गारवा अशी पाळी होती, तेव्हा तळाशी फक्त अर्धा तास काढूनही सुमारे 22 टक्के बुड्यांत डीकम्प्रेशनचा, म्हणजे अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा, त्रास झाला. तळाशी गारवा आणि वर येताना ऊब अशी उलटी पाळी ठेवली, तेव्हा तळाशी 70 मिनिटं काढूनही हे प्रमाण सुमारे 1.3 टक्के होतं. कारण तेच, रक्ताचा प्रवाह. खाली अंग गरम असेल तर रक्त जोरात फिरतं आणि शरीर जास्त नायट्रोजन शोषतं. वर येताना तेच अंग गारठलं तर रक्त मंदावतं आणि तो नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. मला हसू आलं ते त्यांच्या ‘गार’ पाण्याच्या आकड्यावर: साधारण 27 अंश. म्हणजे आमच्या विहिरीचं पाणी! आमच्या बुड्या इतक्या खोल आणि लांब नसतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आम्हाला लागू नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे.

या अभ्यासानं बंडीकडे पाहण्याची माझी रीत बदलली. पाण्यात उतरताच पूर्ण तापवायची आणि बॅटरी संपेपर्यंत मजा घ्यायची, हा सर्वांना सुचणारा वापरच सर्वांत वाईट. तशा वापरात लाइन जाते ती नेमकी शेवटी, वर येताना, म्हणजे ऊब जिथे सर्वांत जास्त हवी तिथे. त्यामुळे बंडी किती गरम होते याला महत्त्व उरलं नाही. खालीवर करता येणारं बटण पाण्याखाली, जाड हातमोज्यातून दाबता येतं का, हे महत्त्वाचं ठरलं. कित्येक नमुन्यांत ते येत नाही.

बॅटरीचा आकार विमानानं ठरवला. 100 वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी हातातल्या सामानात चालते, 100 ते 160 साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवासी विमानात नेताच येत नाही. बारा व्होल्ट, बारा अँपिअर-अवर म्हणजे 144. आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत, दोन ते चार अंशांच्या पाण्यात, कधीतरी उतरायचं आहे. दुप्पट मोठी बॅटरी घेतली असती तर ती लेस्टरलाच राहिली असती.

शेवटी खरेदीचा क्रम असा लागला. आधी जाड अंडरसूट, असा की बंडी बंद असतानाही पूर्ण बुडी निभावेल. मग डोक्याचं जाड हूड आणि आत पाणी न शिरणारे हातमोजे. त्यानंतर बाहेरच्या बॅटरीची, बायकांच्या मापाची बंडी, कारण पुरुषी मापात कमरेच्या पट्ट्या माझ्या कमरेला टेकतच नव्हत्या. बंडी अंगात घालून स्टोनी कोव्हमध्ये पहिल्यांदा उतरले ते ती बंद ठेवूनच. टगबोटीपर्यंत गेले, वर येताना पाच मीटरवर थांबले, बोटं हलवून पाहिली. गारठली होती, पण कळ दाबता येत होती. त्यानंतरच ती चालू करायची मुभा मी स्वतःला दिली. आता खाली ती बंद किंवा सर्वांत मंद असते, आणि वर यायला सुरुवात केली की बटण दाबते.

क्लबमध्ये नवी मंडळी विचारतात, कोणती घेऊ? मी कंपनीचं नाव सांगत नाही. बंडीशिवाय ज्या बुडीतून तू नीट वर येऊ शकतोस, तेवढ्याच बुडीसाठी बंडी घे, असं सांगते. पुष्कळांना हे उत्तर आवडत नाही. एवढे पैसे मोजून खोली आणि वेळ वाढत नसेल तर उपयोग काय, असं ते म्हणतात. उपयोग आहे, वर येताना. ज्यांच्या घरची लाइन कधी जात नाही, त्यांना हे पटवायला जरा वेळ लागतो.